काजळी हरणीचं न जुळणारं उत्तर

एका जंगलात एकच पाणवठा होता. कुठलं जंगल ते विचारायचं नाही. गोष्टीतलं जंगल आहे, तिथे एसटी जात नाही. ए मुकुल, आधी नीट मांडी घालून बस बघू, मग पुढचं सांगते.

तर, उन्हाळा होता. ओढे आटले, डबकी आटली, राहिला तो हा एक पाणवठा. आणि त्याच्या काठावर, जांभळीच्या गार सावलीत, वाघोबा महाराज पसरलेले. सकाळी पसरलेले, संध्याकाळीही पसरलेले. आता तुम्हीच सांगा, हरणांनी पाणी प्यायला जायचं कसं?

त्या जंगलात काजळी नावाची एक हरणी होती. तिचं पाडस ठिपक्या तहानेनं पार मलूल झालं होतं. पानांवरचं दव चाटायचं आणि आईकडे बघत राहायचं. काजळीचा जीव नुसता तुटायचा हो. आईच ती.

एके दिवशी वाघोबा भरपेट जेवून सुस्तावलेले बघून ती समोरच्या उंच दरडीवर आली. लांबूनच म्हणाली, "महाराज, सकाळी थोडा वेळ पाणवठा सोडून दुसरीकडे बसाल का? आम्हाला तुमची भीती वाटते. लेकरं तहानली आहेत."

जुन्या वळणाचा वाघ असता तर एक डरकाळी फोडून मोकळा झाला असता. पण हे वाघोबा पडले सुधारलेले. शेजारच्या जंगलातल्या राजानं संशोधन मंडळ नेमल्यापासून यांनाही तसंच एक हवं होतं.

"भीती वाटते, असं तू म्हणतेस," वाघोबा जांभई देत म्हणाले. "पण त्याला आधार काय? आधी अभ्यास होऊ दे."

झालं! लगेच मंडळ नेमलं गेलं. बगळेबुवा, अस्वलराव आणि कोल्होबा असे तिघे विद्वान. तिघांची शास्त्रं वेगळी, रीती वेगळ्या. एकाचं दुसऱ्याला पटायचं नाही. फक्त महाराजांचं सगळ्यांना पटायचं.

बगळेबुवांची रीत निरीक्षणाची. एका पायावर उभं राहायचं, डोळे अर्धवट मिटायचे आणि जे दिसेल ते टिपायचं. मधेच एखादी मासोळी दिसली की तीही टिपायचे. "हा नमुना," असं म्हणून गिळून टाकायचे.

पुष्कळ दिवस उभे राहून त्यांनी निष्कर्ष काढला. "महाराज, माझी नजर क्षणभरही हलली नाही. पाणवठ्यावर एकही हरीण आलं नाही. तहान असती तर आलं नसतं का?"

"वा!" वाघोबा म्हणाले. हसू नका रे, एवढ्या कष्टाचं काम आहे ते.

अस्वलरावांचा निरीक्षणावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, प्रयोग हवा. हरणाला गुहेत ठेवायचं, पाणी द्यायचं नाही आणि काय होतं ते बघायचं. पण गुहेत यायला एकही हरीण तयार होईना. मग त्यांनी एक कासव उचलून आणलं.

"पण ते कासव आहे," बगळेबुवा म्हणाले.

"चार पाय आहेत ना? मग झालं तर."

कासव आपलं कवचात मान घालून गुहेत बसून राहिलं. पाणी मागितलं नाही, की तक्रार केली नाही. अस्वलरावांनी लिहिलं, चार पायांच्या प्राण्यांना पाण्यावाचून काही अडत नाही.

राहिले कोल्होबा. ते म्हणाले, "माझे हे दोन्ही बंधू थोर आहेत, पण एकानंही हरणांना तोंडानं विचारलं का? लोकांचं मन लोकांनाच विचारावं." बोलणं अगदी शहाणपणाचं होतं हो! पण कोल्होबा दिसले की हरणं धूम पळायची. मग विचारणार कोणाला?

"मी येतो की बरोबर," वाघोबा म्हणाले. "मी असलो की कोण पळतंय ते बघू."

दवंडी पिटली गेली. उत्तर देणाऱ्याला अभय. मात्र प्रश्न सुरू असेपर्यंतच. प्रश्न संपला की अभयही संपलं.

दुसऱ्या दिवशी हरणांची रांग लागली. कोल्होबा प्रश्न विचारायला बसले. शेजारी वाघोबा पंजा चाटत बसले. प्रश्न एकच होता. "पाणवठ्यावर आपल्या लाडक्या महाराजांची भीती वाटते का?" आणि त्याला तीन पर्याय. अजिबात नाही, मुळीच नाही, छे छे, भीती कसली.

हरणं येत, पंजाकडे बघत, "अजिबात नाही!" असं ओरडत आणि वाऱ्यासारखी पळत सुटत.

"प्रतिसाद किती उत्साहाचा आहे!" कोल्होबांना गहिवरून आलं.

मग काजळीची पाळी आली. ठिपक्या तिला चिकटून उभा होता, त्याची जीभ कोरडी पडली होती. पण ती पळाली नाही.

"हो," ती म्हणाली. "वाटते."

कोल्होबा गडबडले. "बाई, असा पर्यायच नाही."

"पर्याय नसेल, भीती मात्र आहे."

"तीनपैकी एक निवडा. मागे रांग खोळंबली आहे."

"मी एकदा सांगितलं ते सांगितलं. मला भीती वाटते आणि माझं लेकरू तहानलंय. लिहायचं तर लिहा, नाहीतर राहू दे."

वाघोबांनी पंजा चाटायचा थांबवला. कोल्होबांनी घाईघाईनं लिहिलं, एक उत्तर इतरांशी जुळत नाही, सबब वगळलं. काजळीनं ठिपक्याला पुढे घातलं आणि जी उडी घेतली ती थेट झाडीत. त्याच संध्याकाळी ती डोंगरापलीकडे निघाली. तिच्यामागून बाकीची हरणंही निघाली. हो हो, तीच सगळी, अजिबात नाही म्हणणारी.

मंडळाचा अहवाल तयार झाला. प्रकाशनाचा सोहळा ठरला. तोरणं लागली, मोर नाचला. पण समोर खूर असलेला एकही प्राणी नव्हता. ना हरीण, ना सांबर, ना साधं भेकर.

"महाराज," कोल्होबा हर्षानं म्हणाले, "तक्रार करणारा एकही उरला नाही!"

टाळ्या पडल्या. वाघोबांनीही वाजवल्या. मग दुसरा दिवस गेला, तिसरा गेला आणि वाघोबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. पाणवठा होता, सावली होती, पण खायला काही नव्हतं.

त्यांनी मंडळाला बोलावलं. "हरणं कुठे गेली?"

"फार महत्त्वाचा प्रश्न," कोल्होबा म्हणाले. "त्यावर स्वतंत्र अभ्यास करावा लागेल."

"तो नंतर. आधी मला एक विचारायचंय." वाघोबा पंजा चाटू लागले. "कोल्होबा, तुला माझी भीती वाटते का?"

अस्वलराव हळूच झाडावर चढले. बगळेबुवांनी कधी नव्हे तो दुसरा पाय खाली टेकला आणि भुर्रकन उडून गेले. कोल्होबांनी तिन्ही पर्याय आठवून पाहिले. खूप आठवले. चौथा काही त्यांनी केलाच नव्हता.

"अजिबात नाही, महाराज," ते म्हणाले.

"मग ये की जवळ."

डोंगरापलीकडे ठिपक्या पोटभर पाणी प्यायला. नाकापर्यंत तोंड बुडवून प्यायला. वाघ तिकडेही आहे हो, पण अडाणी आहे. काही विचारत नाही, सरळ अंगावर धावून येतो. काजळी म्हणते, "बरं आहे बाई, पळायचं कधी ते तरी कळतं."

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी कोणाला प्रश्न विचारायला गेलात, तर शेजारी एक वाघ अवश्य बसवा. उत्तरं सारखी येतात, बेरीज सोपी जाते आणि अहवाल वेळेवर होतो. फक्त तो वाघ जेवलेला आहे ना, एवढी माहिती मात्र स्वतः जाऊन गोळा करा.