पेसामिनोचा दात

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या अर्जात ‘कधी गुन्ह्याची शिक्षा झाली आहे का?’ असा प्रश्न होता. पेसामिनोने त्यापुढे ‘होय’ लिहिलं आणि त्याच्या बायकोने, सिनापातीने, कपाळावर हात मारला.

“अहो, कशाला लिहिलंत?”

“त्यांनी विचारलंय की. खोटं लिहू?”

ब्रिस्बेनला त्यांची लेक एसेता बाळंत व्हायची होती. जावई खाणीवर, पोर एकटी. रोज फोन करून रडायची, “बाबा, निघालात का?”

इकडे आमच्या बेटाच्या राजधानीतल्या, आपियाच्या पोलिसांनी दाखला दिला की, पेसामिनोवर एकही गुन्हा नाही. मग व्हिसाच्या कचेरीतल्या बाईंचा फोन आला.

“पोलीस नाही म्हणतात, तुम्ही होय म्हणता. खरं कळल्याशिवाय व्हिसा नाही. शिक्षा कुठल्या कोर्टाने केली?”

“गावसभेने. दोन डुकरं आणि माशांच्या डब्यांची दहा खोकी.”

“त्याची काही नोंद?”

“गावाने खाल्ली, बाई.”

“मग गावातल्या लोकांशीच बोलते,” म्हणत बाईंनी फोन ठेवला.

पेसामिनो धावतच ताउआसाकडे गेला. तरुणपणी क्रिकेटच्या भांडणात त्याने ताउआसाच्या तोंडावर बॅट मारली होती, त्याचीच ती शिक्षा. दुसऱ्या दिवशी पहाटे पेसामिनोचं सगळं घराणं डोक्यावर चटई घेऊन ताउआसाच्या दारात मान खाली घालून बसलं. ताउआसाने चटई उचलली, माफी झाली. माफी झालेली गोष्ट आमच्याकडे पुन्हा कुणी तोंडातून काढत नाही.

“ताउआसा, मी तुझा दात पाडला होता, एवढं त्या बाईंना सांग.”

ताउआसाने ओठ मिटले. “कुठला दात?”

“अरे, समोर खिंडार दिसतंय की!”

“ते होय? नारळ सोलताना गेला.”

“दातांनी नारळ कोण सोलतं?”

“मी सोलतो. तुला काय करायचंय?”

पेसामिनो रडकुंडीला येऊन गावप्रमुख फुइमाओनोकडे गेला. म्हाताऱ्याने त्याला बोलूच दिलं नाही. “चटई उचलली, विषय संपला. उकरून काढलास तर दंड बसेल.”

त्या रात्री पेसामिनोला जेवण गेलं नाही. एसेताच्या पोटात दुखायला लागलं होतं.

बाईंनी गावात फोन केले. प्रमुख, पाद्री, खुद्द ताउआसा, सगळ्यांनी एकच सांगितलं, पेसामिनो म्हणजे देवमाणूस, त्याने कधी माशीसुद्धा मारली नाही. शेवटी बाईंनी पेसामिनोला फोन केला. आवाज अगदी मऊ होता. “आजोबा, वयाने असा गोंधळ होतो. ‘होय’ चुकून लिहिलं असं धरते. व्हिसा दिला.”

सिनापाती आनंदाने रडली. संध्याकाळी गावसभेचं बोलावणं आलं. मिटलेला विषय पेसामिनोने चारचौघांत, वर परदेशी बाईसमोर उकरला होता. शिक्षा झाली: एक गाभण डुकरीण. ती देऊन दोघं विमानात बसली.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर काचेमागच्या तरुण साहेबाने त्यांची कागदपत्रं चाळली.

“कधी कसली शिक्षा झाली आहे का?”

पेसामिनोने तोंड उघडलं.

“कशाबद्दल, तेही विचारतील हं,” सिनापाती हळूच पुटपुटली. “आणि आता घरी एकच डुकरीण उरलीय.”

काचेच्या दारापलीकडे खाणीवरून परतलेला जावई हात हलवत होता. त्याच्या छातीशी पांढऱ्या दुपट्यात काहीतरी वळवळत होतं.

“कसली शिक्षा?” पेसामिनो म्हणाला, आणि त्याने ताउआसासारखे ओठ मिटून घेतले.