मागच्या चाकापाशी युसुफचाचा

आमच्या महाडच्या गल्लीत कुणाकडे गाडीने पाहुणे आले, की युसुफचाचा आधी पाहुण्यांकडे बघत नाहीत. खाली वाकून मागच्या चाकाचा वास घेतात. मग कंबरेवर हात ठेवून निकाल देतात, "आंबेनळीनं आलात नाय? सगळा घाट बरेक दाबून उतरलात." पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी अजून चपलाही काढलेल्या नसतात.

चाचांची उमेदीची वर्षं आखातात ट्रेलर चालवण्यात गेली. तिथल्या सरळसोट रस्त्यांवर त्यांना ब्रेकचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे. "गाडी कोणपण पळवतो रे, थांबवायला माणूस लागतो," हे त्यांचं वाक्य आम्हा शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे.

चाची गेल्यापासून चाचा एकटेच असतात. लेक रुबिना महाबळेश्वरला शाळेत शिकवते. अधूनमधून रविवारी स्वतः गाडी चालवत येते, जेवते आणि घाटात धुकं उतरायच्या आत परत निघते. गेल्या रविवारी तिने दारात गाडी लावली न लावली, तोच चाचा मागच्या चाकाशी ओणवे!

"पॅड संपलेत. या बरेकवर तुला घाट चढू देणार नाय. मीच बदलतो."

"अब्बा, जाताना गॅरेजात दाखवते ना."

"गॅरेजवाल्याची पोरगी हायस काय तू?"

नवे पॅड त्यांनी आधीच आणून ठेवले होते, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. त्यांनी मला चिरे आणायला पिटाळलं. ते पुढच्या चाकांना लावले, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर घेऊन मागचं चाक काढलं. जुने पॅड निघाले आणि तिथेच घोडं अडलं. नवे जाड पॅड बसायचे तर त्यांना दाबणारा पिस्टन आत सरकायला हवा, आणि तो काही केल्या हलेना. चाचा क्लॅम्प लावून दाबतायत, घामाघूम होतायत, पिस्टनच्या सात पिढ्या काढतायत. मी भीत भीत गॅरेजचं नाव काढलं.

"तू गप रे. आज हा नाय, नायतर मी नाय."

जेवणं तशीच राहिली. शेवटी रुबिनाच ओढणी खोचून शेजारी बसली. "अब्बा, याला खाचा आहेत. दाबू नका, फिरवून बघू या." तिने पक्कडीचं टोक खाचेत घालून फिरवलं, आणि पिस्टन मुकाट्याने आत गेला.

"बघितलास?" चाचा माझ्यावरच ओरडले. "माझी लेक हाय ती!"

दुसरं चाक दोघांनी मिळून केलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, चाचा आखातातले किस्से सांगत होते आणि ती खो खो हसत होती. शेवटी पेडल दाबदाबून घट्ट केलं, गल्लीत गाडी थांबवून थांबवून पाहिली. ऊन कलता कलता ती निघाली.

मी हत्यारं आवरायला बसलो आणि जुने पॅड हातात आले. चांगले जाडजूड होते. अजून वर्षभर सहज गेले असते. मी चाचांकडे पाहिलं.

"माहीत हाय मला," ते हात पुसत म्हणाले. "येते, जेवते नि जाते रे ती. समोर बसली की काय बोलायचं तेच मला सुचत नाय. आज सगळा दिस बाजूला बसली."

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. मी पॅड कागदात गुंडाळून त्यांच्या फळीवर ठेवायला गेलो. तिथे एक न फोडलेला खोका होता.

"तो राहू दे," चाचा म्हणाले. "पुढच्या चाकांचे हायत. ईदला येईल ना ती."