स्टेटसवर चौथीचा चांद

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी अकोल्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर वामनराव गावंडे चंद्राकडे पाठ करून बसले होते आणि चंद्राचा फोटो काढत होते. म्हणजे काढत होता शफीक. वामनराव समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत नुसते हुकूम सोडत होते.

“दिसला काय?”

“दिसला ना भाऊ. एकदम नाजूक, टरबुजाच्या फोडीवानी.”

“वर्णन नको करू! ऐकूनही दोष लागत असन तं?”

चौथीचा चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो, हे वामनरावांना आजीपासून ठाऊक होतं. पण पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा चंद्रांची ओळ त्यांना भिंतीवर लावायची होती आणि त्यात चौथीची जागा रिकामी सोडायला मन घेत नव्हतं. शफीकचं गल्लीच्या तोंडाशी कॅमेरे-घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. त्याच्यावर हा नियम चालत नाही, असा निवाडा वामनरावांनी स्वतःच देऊन टाकला होता.

“तुमचंही गजब हाय,” शफीक बटण दाबत म्हणाला. “आमच्यात चांद दिसावा म्हणून अख्खा मोहल्ला छतावर चढते. अन् तुमी टाकीकडे तोंड करून बसले.”

हा चंद्राचा नाद वामनरावांना एकदा चांगलाच महागात पडला होता. दोन वर्षांपूर्वी दर्यापूरला त्यांच्या थोरल्या भावाच्या, खुशालरावांच्या मुलीचं लग्न झालं. ‘बाहेरचा फोटोवाला कायले पाह्यजे? आपला वामन हाय ना,’ असं खुशालराव चारचौघांत मोठ्या अभिमानानं म्हणाले होते. संध्याकाळी आकांक्षा सासरी निघाली, बापाच्या गळ्यात पडून रडली, सगळा मंडप रडला. त्या वेळी वामनराव मंडपामागच्या शेतात उभे राहून उगवत्या पौर्णिमेच्या चंद्राचे सत्तेचाळीस फोटो काढत होते. पाठवणीचा एकही फोटो निघाला नाही.

“तुले पोरगी नाई दिसली, चांद दिसला?” खुशालराव एवढंच बोलले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

वामनरावांनी तीनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी सहज चंद्राचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर टाकला आणि कोणी कोणी पाहिला त्या यादीत ‘भाऊ’ हे नाव उमटलं. दुसऱ्या दिवशी टाकला, पुन्हा उमटलं. तेव्हापासून रोज आठ वाजता वामनराव चंद्र टाकत. चंद्र नसला तर ढग टाकत. साडेआठपर्यंत भावाचं नाव आलं की मगच ते जेवायला बसत. दोन वर्षं दोघा भावांचं एवढंच बोलणं होतं.

आज स्टेटसवर घरच्या गणपतीचा फोटो टाकायचं ठरलं होतं. फोटो कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये घेताना चौथीचा चंद्र चुकून नजरेला पडू नये, म्हणून वामनरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. हा त्यांच्या सावधगिरीचा कळस होता. समोर दोन धूसर चौकोन दिसले. त्यातला गणपती निवडून त्यांनी तो बरोबर आठ वाजता टाकला.

आठ वाजून दहा मिनिटांनी अमरावतीहून लेकीचा, दामिनीचा फोन आला.

“बाबा, काय टाकलं तुमी! माह्या सासूनं पाह्यलं ना! पुड्यात एक काजूकतली कमी भरली, तं सासरे तिच्यावरच आळ घेऊन राह्यले!”

वामनरावांनी चष्मा लावला. मोबाइलवर चौथीचा चंद्र लख्ख हसत होता. त्याला एकेचाळीस जणांनी पाहिलं होतं, आणि यादीत सगळ्यात वर होतं ‘भाऊ’. त्यांनी घाईघाईनं स्टेटस पुसलं. पण पाहिलेलं कसं पुसणार?

सकाळी शेजारचे रामराव कुंपणाशी येऊन उभे राहिले. नैवेद्याचे दोन मोदक मांजरानं खाल्ले होते आणि बायकोनं मांजराला सोडून त्यांना धरलं होतं.

“काका, तुमच्यावर राग नाई,” ते कसनुसं हसत म्हणाले. “पण एकवीस वर्सांत पह्यल्यांदा मले चोर म्हणे ती.”

वामनराव बोटं मोजू लागले. काजूकतलीचा आळ आला, मोदकांचा आला, मग भाऊंवर कसला येईल? खुशालराव बहात्तर वर्षांचे होते. दर्यापुरात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता. त्या माणसाला कोणी चोर म्हटलं तर?

“याच्यावर उपाय हाय,” वामनरावांच्या पत्नी पार्वताबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. “माह्या माहेरी चांद दिसला का आजी शेजारच्या टिनावर खडा फेके. शेजारीण शिव्या दे. शिव्या खाल्ल्या का दोष उतरे.”

“पण चांद तं भाऊनं पाह्यला. मी शिव्या खाऊन काय उपेग?”

“तुमीच दाखवला ना? पह्यले तुमचा उतरवा. मग त्यायचं पाहू.”

वामनरावांनी आयुष्यात कोणाच्या घरावर खडा मारला नव्हता. त्यांनी हळूच एक बारका खडा रामरावांच्या टिनावर टाकला. टण्ण आवाज झाला आणि रामराव धावत बाहेर आले. वामनराव मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभे राहिले.

“काका, आत जा! वानरं आलेली दिसतात. लागन तुमाले!”

“मीच मारला खडा,” वामनराव म्हणाले.

“तुमी कायले माराल? देवमाणूस तुमी,” असं म्हणून रामरावांनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

त्या संध्याकाळी पंचमीचा चंद्र गच्चीवर येऊन थांबला, पण वामनरावांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आठ वाजले, सव्वाआठ झाले. ताट वाढलेलं होतं आणि ते हात धुऊन नुसते बसले होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यावर नाव होतं ‘भाऊ’.

“वामन्या! अक्कल गहाण ठेवली काय बे तुनं? चौथीचा चांद दाखवते कोणी? सकायी देवळातून निघालो, तं तो बंडू म्हणे, ‘माह्या चपला तुमी घातल्या.’ साऱ्या दर्यापुरासमोर मले चप्पलचोर म्हटलं! त्याच्या चपला कुत्र्यानं नेल्या होत्या! गाढवा! बह्यताडा! लग्नातही असाच! माही पोरगी रडून राह्यली अन् हा चांदाच्या मागं! अन् आज पंचमीचा काहून नाई टाकला? पंधरा मिन्टं झाले, मी मोबाइल धरून बसलो ना येथी!”

वामनराव फोन कानाला घट्ट लावून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पार्वताबाईंनी खुणेनं विचारलं, “उतरला काय?” त्यांनी मान डोलावली.

शेवटी खुशालरावांना धाप लागली.

“आता तू दे,” ते म्हणाले.

“काय देऊ?”

“शिव्या दे. मीनंबी पाह्यला ना चांद. येथी मले कोन शिव्या देईन? बंडूनंही सांजच्याले माफी मागतली.”

मोठ्या भावाला वामनरावांनी जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

“भाऊ, तुमी… तुमी लय वाईट आहा.”

“हे शिवी होय? नीट दे.”

वामनरावांनी डोळे मिटले.

“अबे म्हाताऱ्या!” ते इतक्या जोरात ओरडले, की कुंपणापलीकडे रामराव दचकून उभे राहिले. “दोन वर्सं एक फोन नाई केला तुनं! तीनदा लावला मीनं, उचलला नाई! रोज माहे चांद पाहत होता अन् बोलत नव्हता! मी मरून गेलो असतो तं काय करत होता बे तू?”

फोन कटला की काय, म्हणून वामनरावांनी घाबरून मोबाइल डोळ्यांसमोर धरून पाहिला. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“अजून दे,” खुशालराव म्हणाले.