जावकबाईंची खिडकी

"सरावासाठी खोटं नाव टाका," असं सभागृहात संगणकावरचे अर्ज शिकवायला आलेल्या मुलीने तीनदा सांगितलं, आणि जावकबाईंचा हात तिथेच अडला.

"काहीही टाका हो मावशी. अबक टाका."

"सरकारी कागदावर खोटं नाव कसं लिहायचं गं? तेही सकाळी सकाळी."

"हा कागद नाहीये, मावशी. सराव आहे."

मुलगी पुढच्या टेबलाकडे वळली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, अबक पुसलं आणि आपलं खरं नाव, खरा क्रमांक आणि परवलीचा शब्द हळूच भरला. सरावाचं पिवळं पान गेलं आणि पांढरं आलं. पिवळ्यापेक्षा हे स्वच्छ आहे, म्हणून त्यांना बरंच वाटलं.

आता अर्ज लिहायचा होता. बाकीच्यांनी सरावात विमान मागितलं, कुणी हत्ती मागितला. बाईंना मात्र एकच अर्ज तोंडपाठ होता. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या कागदांची नोंद त्या करत, म्हणून त्या जावकबाई. येणाऱ्यांची नोंद करणारे आवकदादा शेजारच्याच टेबलावर. दोघांची खोली पूर्वी अडगळीची होती. तिला एक दार होतं, एक ट्यूबलाइट होती आणि खिडकी नव्हती. डिंकाच्या आणि शाईच्या वासात बाईंचा खोकला मुरला होता, डोळे अधू झाले होते. उजेडात, वाऱ्यात बसा, असं डॉक्टर दर वेळी सांगत. एकोणीस वर्षांत त्यांनी खिडकीसाठी अकरा अर्ज केले, अकराही स्वतःच जावक क्रमांक घालून वर पाठवले. वर गेलेलं काही परत आलं नाही. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

बाराव्यांदा त्यांनी तोच अर्ज लिहिला. खाली एक चौकट आली, 'नकाशा जोडा.' ती भरल्याशिवाय पुढचं बटण उजळेना.

"कुठलंही चित्र जोडा, मावशी," मुलगी लांबूनच म्हणाली.

मोबाइलमध्ये नातीने काढलेलं चित्र होतं. घर, घराला दाराहून मोठी खिडकी, कोपऱ्यात हसरा सूर्य आणि दोन पक्षी. बाईंनी ते जोडलं आणि बटण दाबलं.

सभागृहाच्या भिंतीवर नवा फलक लावला होता. ज्याच्याकडे काम अडकलं असेल त्याचं नाव त्यावर यायचं आणि पुढे दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चालू व्हायचं. दहा मिनिटं संपली की नाव लाल. लाल नाव थेट मुख्य कार्यालयात दिसतं म्हणे. या फलकाचा धाक असा की आठवड्याभरात चहासुद्धा लोक उभ्याने पिऊ लागले होते.

बाई फलकाकडे पाहत राहिल्या. मुख्य लिपिक भाऊसाहेब यांचं नाव आलं, हिरवं होऊन गेलं. विभागप्रमुख आले, गेले. मग तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर. त्यांनी तर शेरा मारला, 'नकाशा तपासला. योग्य आहे.' शेवटी खुद्द बडे साहेब. 'मंजूर.' एकूण एकतीस मिनिटं.

बाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"दादा, शिपाई उठला नाही, कुणी जिना चढलं नाही, आणि अर्ज तिसऱ्या मजल्यावर जाऊन खाली आलासुद्धा. काय म्हणावं या करणीला?"

"सराव आहे तो, बाई," आवकदादा म्हणाले. "सरावात मला काल बढती मिळाली. घरी सांगून बसलो, ते निस्तरतोय अजून."

तेवढ्यात त्या मुलीचं लक्ष फलकाकडे गेलं आणि ती धावत आली. "मावशी, सरावाचं काहीच या फलकावर येत नाही. तुम्ही खरं नाव टाकलंत का?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. साहेबांना न विचारता सरकारी भिंत फोडायचा हुकूम आपल्या नावावर निघाला, आणि तोही निवृत्तीच्या तोंडावर. पेन्शनच्या कागदावर काय काय लिहितील, हे त्यांना दिसू लागलं. त्या भाऊसाहेबांकडे धावल्या.

"तुम्ही मंजूर कसं केलंत, भाऊसाहेब?"

"घड्याळ चालू होतं, बाई. वाचत बसलो असतो तर लाल झालो असतो."

"मग रद्द करा ना."

मुलीने रद्द करायचं पान उघडलं. कारण निवडायचं होतं, आणि कारणं तीनच होती. 'अर्ज दुबार आला.' 'अर्जदार मयत.' 'मंजुरी न वाचता दिली.'

"दुबार टाका," भाऊसाहेब म्हणाले.

"घेत नाहीये. आधीचे अकरा कागदावरचे होते, ते यंत्राला माहीतच नाहीत."

मग सगळ्यांनी जावकबाईंकडे जरा आशेने पाहिलं.

"मी आहे अजून," बाई हळूच म्हणाल्या.

तिसरं कारण दाबायला कुणाचंही बोट पुढे होईना. ते दाबलं की यंत्र 'कोणी?' असं विचारत होतं.

दोन तास झाले तरी हा खल चालूच होता, तेवढ्यात दारात गवंडी उभा राहिला. हातात छिन्नी, हातोडा आणि मोबाइल. "जावकची खोली कुठली? माझ्या नावापुढे तीन तासांचं घड्याळ लागलंय. दोन तास रस्त्यातच गेले."

"थांबा हो जरा," भाऊसाहेब म्हणाले.

"थांबायचा हुकूम दाखवा, थांबतो." कुणाकडेच तसा हुकूम नव्हता. गवंड्याने मोबाइल बाईंपुढे धरला. "एवढं सांगा, खिडकी दाराहून मोठी काढलीय, ती तशीच का? आणि हे दोन पक्षी आमच्याकडे, की तुमचे तुम्ही आणणार?"

बाईंना खोकल्याची उबळ आली. गवंड्याने तोच होकार धरला, जावकची खोली शोधली आणि भिंतीला छिन्नी लावली.

तासाभराने पहिली वीट पलीकडे पडली. भोकातून उजेडाची एक तिरीप आली आणि सरळ जावक नोंदवहीवर पसरली. एकोणीस वर्षं ट्यूबलाइटखाली करडं दिसलेलं ते पान शुभ्र झालं. भीती विसरून बाई पुढे झाल्या आणि त्यांनी भोकाला डोळा लावला.

पलीकडूनही एक डोळा पाहत होता.

"कोण आहे?" आवाज आला.

"जावक," बाई कशाबशा म्हणाल्या.

तो डोळा बड्या साहेबांचा होता. त्यांच्या दालनात जायचं तर इमारतीला वळसा घालून पोर्चमधून जावं लागे, आधी दोन चिठ्ठ्या आत पाठवाव्या लागत. ते दालन आणि ही अडगळीची खोली एकमेकांना पाठ लावून बसली आहेत, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. साहेब सगळ्यांपासून इतके लांब होते की ते भिंतीपलीकडे असतील, असं वाटणारच कसं?

"माझी भिंत कुणाच्या हुकमाने फोडताय?"

गवंड्याने भोकातून मोबाइल आत दिला. पलीकडे हुकूम वाचला जात होता, बहुधा पहिल्यांदाच. खाली साहेबांचंच नाव होतं, त्याखाली सही. मग भोकातून दिसलं, साहेबांनी आपल्या यंत्रावर रद्द करण्याचं पान उघडलं, आणि तीन कारणं वाचायला लागावा तेवढा वेळ गेला.

मोबाइल परत बाहेर आला.

"नकाशाप्रमाणे करा," साहेब म्हणाले. "आणि विटा तुमच्या बाजूला पाडा."

चार दिवसांत खिडकी झाली, चित्रातल्यासारखी, दाराहून मोठी. साहेबांच्या दालनाला बागेकडे तीन खिडक्या होत्या. त्यांतला उजेड नि वारा साहेबांना ओलांडून जावकच्या टेबलावर येऊ लागला. बाईंचा खोकला उतरला. लोक काहीतरी निमित्त काढून खोलीत येत आणि हळूच पलीकडे पाहून जात. साहेब एका बोटाने अक्षरं शोधतात, सापडलं की स्वतःशीच मान डोलावतात, दुपारी बूट काढून बसतात. माणूसच आहे की, असं पुटपुटत लोक परत जात. साहेबांना मात्र दुपारी बूट काढणं अवघड होऊन बसलं.

आठव्या दिवशी बाईंच्या यंत्रावर एक अर्ज आला. असं याआधी कधी झालं नव्हतं. अर्जदार, बडे साहेब. विषय, सदर खिडकीस पलीकडून जाड पडदा लावणेबाबत. वरच्या कार्यालयाची मंजुरी होतीच, ती चार मिनिटांत मिळाली होती. आता खिडकी ज्यांच्या नावावर मंजूर झाली, त्यांची संमती तेवढी हवी होती.

सभागृहातल्या फलकावर पहिल्यांदाच जावकबाईंचं नाव झळकलं आणि पुढे दहा मिनिटं सुटली.

"दाबा, बाई," आवकदादा कुजबुजले. "साहेब आहेत."

बाईंनी चष्मा पुसला. अर्जावर बागेकडचा उजेड पडला होता, अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी 'प्रति' पासून सुरुवात केली. दिनांक वाचला. संदर्भ वाचला. एकदा पुरा करून पुन्हा पहिल्यापासून घेतला.

भाऊसाहेब धापा टाकत दारात आले. "बाई, तुमचं नाव लाल झालं."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या.

खिडकीपलीकडे साहेब खुर्चीतून थोडे उठले. एकोणीस वर्षं बाई ज्यांच्याकडे पाहायलाही धजल्या नव्हत्या, ते त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. "बाई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या अर्जाचं काही झालं का?"

जावकबाईंनी मान वर न करता ओळीखाली बोट धरलं.

"वाचतेय, साहेब."