उपरण्याखालचे पुंजाजीमामा

आमचे पुंजाजीमामा वांगी घ्यायला गेले तरी आधी त्या वांग्यांवर उपरणं पांघरत.

अमरावतीच्या परकोटाच्या आत माळणी टोपल्या मांडून बसायच्या. मामा एखादी टोपली हेरून तिच्यासमोर उकिडवे बसत, इकडेतिकडे बघत, खांद्यावरचं उपरणं काढून टोपलीवर टाकत आणि खालून हात घालून एकेक वांगं चाचपत. मग भाव विचारायचा तो पुटपुटत, आणि तोही भिंतीकडे तोंड करून. माळीण वैतागायची. "वांगेच हायेत ना बापा, चोरीचा माल थोडीच हाये! मोठ्यानं बोला की!"

"उघड्यावर बोलू नई, बाई," मामा डोळे वटारून म्हणायचे. "भाव उतरते."

घेणाऱ्याला भाव उतरलेला बराच असतो, हे मी त्यांना अनेकदा समजावून पाहिलं. त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे, की जणू मीच भर बाजारात धोतर सोडलं आहे.

मामा कापसाचे दलाल होते, आणि हे सगळं त्या धंद्यानं केलं होतं. आमच्याकडे कापसाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, दोघांचे हात एका उपरण्याखाली जात आणि बोटं दाबून भाव ठरे. भोवती गर्दी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. चेहरा मात्र कोरा ठेवावा लागे. मामांनी तो इतकी वर्षं कोरा ठेवला होता, की पुढे पुढे पोटात कळ आली तरी तो कोराच राही. वैद्यबुवा विचारत, "कुठं दुखतं?" मामा उपरणं पसरत आणि म्हणत, "हात द्या."

याच सवयीपायी त्यांचं लग्न राहिलं. तिवश्याकडची एक मुलगी सांगून आली होती. मामा चारचौघांना घेऊन बघायला गेले. मुलगी पसंत पडली, पोहे झाले आणि मानपानाची बोलणी निघाली. मुलीचा बाप साधा शेतकरी, त्याचा बाजाराशी संबंध गाडी रिकामी करण्यापुरता. मामांनी सवयीनं उपरणं त्याच्या मांडीवर टाकलं, खालून त्याचा हात धरला आणि दोन बोटं दाबली. त्यानं चमकून पाहिलं. मामांनी कोऱ्या चेहऱ्यानं आणखी एक बोट दाबलं. बिचारा ताडकन उठला आणि घरात ओरडत गेला, "हे काई आपल्या पोरीचं काम नोय! नवरदेव माहाच हात दाबून राह्यला!"

मामा हे सांगताना हसत नसत. "त्याले सौदा समजला नाई," एवढंच म्हणत. पुढे त्यांनी कोणाची मुलगी बघितली नाही. कोणी बळेबळे नेलंही नाही.

ती वर्षं कापसाच्या तेजीची. परदेशात कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचं मोल आलं होतं. कालपर्यंत घोंगडी पांघरणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. जो तो अमरावतीकडे धावत होता. मीही धावलो. अकोल्याहून निघालो आणि इथल्या एका वखारीत मापाऱ्याच्या हाताखाली लागलो. गावात सख्खं माणूस एकच, पुंजाजीमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. लहानपणापासून त्यांना मी लग्नकार्यात लांबून पाहिलं होतं, तेवढंच. आई गेल्यावर बाबांनी दुसरं लग्न केलं, आणि मामांचं अकोल्याला येणं हळूहळू बंद पडलं.

मामांकडे जाण्यात माझा मतलब होता, तो आधीच सांगून टाकतो. मला कळायला लागल्यापासून अकोल्याच्या घरात आत्या एकच सांगत आली होती. "हा पांढऱ्या पायाचा. आल्याबरोबर मायले खाल्लं यानं." माझा जन्म झाला आणि त्यातच आई गेली, असं मी धरून चाललो होतो. बाबांना विचारायची सोय नव्हती. तिचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जात. मोठा झालो, लग्न झालं, आणि हे सगळं मागे पडलं असं वाटायला लागलं. पण आता बायको पहिल्या बाळंतपणासाठी बाळापूरला माहेरी गेली होती, आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. माझ्या पायगुणानं तिचं काही झालं तर?

खरं काय ते मामांना ठाऊक असणार. पण तो प्रश्न माझ्या तोंडून निघेना. ते "हाव, खरं हाये" म्हणाले, तर मग पुढे विचारायला या जगात कोणीच उरणार नव्हतं.

म्हणून मी आडून आडून सुरुवात केली. "मामा, माही माय कशी होती?"

"बरी होती."

"म्हंजे कशी?"

"म्हंजे बरी."

असे बाजारामागून बाजार गेले. आई बरी होती, यापलीकडे माझी गाडी सरकेना. शेवटी अक्कल आली ती वखारीतच. कापसाची गाडी आली की पारखणारा "माल कसा आहे" असं कधी विचारत नाही. तो गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मधला एक पुंजका उपसतो, धागा ओढून बघतो आणि विचारतो, कोणत्या शेतातला? वेचणी कधीची? वर पाऊस पडला का? मी म्हटलं, आपणही असाच पुंजका उपसावा.

पुढच्या खेपेला मी विचारलं, "मामा, माय दळताना गाणं म्हने का?"

मामांचा चेहरा कोराच राहिला, पण हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला. त्यांनी ते आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं आणि खालून माझा अंगठा दाबला. हो. मग सगळा पंजा दाबला. पुष्कळ. मग मनगट गदागदा हलवलं, त्याचा अर्थ मला लागेना. नाइलाजानं त्यांनी तोंड उघडलं, तेही माझ्या कानाशी. "लय बेसूर म्हने. शेजारीन हात जोडे. शेवटी आमच्या बापानं दळन दुसरीकडे देल्लं."

मला माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा भेटली. बेसूर गाणारी होती, हे ऐकून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी एक प्रश्न ठरला. ती झाडावर चढायची का? कोणाशी भांडायची? गाईला काय नावानं हाक मारायची? मामा एकच उत्तर देत. मी दुसरं विचारलं की उपरणं झटकून खांद्यावर टाकत. "बस. आता पुढच्या बाजाराले." दलाल माणूस, सगळा माल एकदम दाखवायचा नाही अशी सवय असेल, असं मी समजून घेतलं. पण चिडचिड व्हायची. कौंडण्यपूरच्या यात्रेत ती नावेत बसली आणि नाव मधोमध गेल्यावर "माही पायातली वहान काठावर राह्यली" म्हणून तिनं नावाड्याला आरडाओरडा करून परत फिरवलं, ही एवढीशी गोष्ट मला दोन बाजारांना मिळून ऐकावी लागली. पहिल्या बाजाराला नाव नदीच्या मध्यातच उभी राहिली.

गोष्टी लांबल्या तशी मामांना कुजबूज अपुरी वाटायला लागली. मग ते उपरणं दोघांच्या डोक्यावरूनच घेऊ लागले. भर दुपारी, रस्त्यालगतच्या ओट्यावर, एका उपरण्याखाली आम्ही मामा-भाचे डोकं लावून बसलेले. एकदा मी विचारलं होतं, "मायले कोनती भाजी आवडत नोती?" मामांनी कानात सांगितलं, "अंबाडी. ताटात दिसली का ताट सरकवे." आणि आम्ही उपरण्याबाहेर आलो तर समोर दलालांचा घोळका उभा!

"काय खबर पुंजाजी?" त्यातल्या एकानं विचारलं. "मुंबईची का?"

"काई नाई," मामा म्हणाले, आणि चेहरा कोरा केला. त्या कोऱ्या चेहऱ्यानंच घात केला. पुंजाजीच्या हाती काहीतरी मोठं लागलं आहे, अशी आवई उठली आणि दिवे लागायच्या आत कापूस चढला. माझ्या आईला अंबाडी आवडत नव्हती, म्हणून अमरावतीत कापूस महागला, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मामांना मात्र मनातून फार बरं वाटलं असावं. त्या आठवड्यात ते वांगी घ्यायला जाताना जरा ताठ चालत होते.

आणि मग बाळापूरहून एका गाडीवाल्याबरोबर निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, बारशाला लवकर या. मामांच्या कानावर मी ते लगेच घातलं.

दुसरा कोणी असता तर उडी मारून निघाला असता. मी निघालो नाही. आज वखारीत काम आहे, उद्या गाडी मिळत नाही, परवा दिवस चांगला नाही, असं मी स्वतःलाच सांगत राहिलो. दोघी माझ्यावाचून सुखरूप आहेत, मग मी तिथे पाय कशाला टाकावा, असं मनात होतं. बाजाराच्या दिवशी दुपारी सवयीनं मामांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"तू अजून अठीच?" मामा म्हणाले. "बाळापूरले गेला नाई?"

"जातो ना. वखारीत काम हाये."

मामांनी माझ्याकडे बघितलं. समोरचा माणूस काही लपवतो आहे हे ओळखण्यावरच त्यांचं पोट होतं. त्यांनी उपरणं टाकलं, माझा हात धरला आणि नुसता धरून ठेवला. काही दाबलं नाही.

"वखारीचं खोटं सांगून राह्यला तू," ते म्हणाले. "बोल."

मग मात्र मला राहवलं नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. "मामा, मी जन्मलो अन् माय गेली. माहा पायगुन वाईट हाये. त्या लेकराजवळ जायाचं भेव वाटते मले."

मामांनी उपरणं ओढून फेकलं. ते ओट्याखाली मातीत जाऊन पडलं. मामा उठून उभे राहिले आणि ज्या माणसानं आयुष्यात वांग्याचा भाव मोठ्यानं विचारला नव्हता, तो माणूस रस्त्यावर ओरडला, "कोन म्हने?"

जाणारेयेणारे थांबले. समोरचा वाणी दुकानाबाहेर आला. मला वाटलं, मामांना वेड लागलं.

"कोन म्हने, सांग मले! तुही आत्या? तिले काय मालूम? मी होतो तिच्या उशाशी! तू जन्मला तवा थे चांगली धडधाकट होती. तू रांगला, तू चालला, कोंबड्यायच्या मांगं धावे तू अंगनात! तुले दात आले होते, तिच्या बोटाले चावे! पावसाळ्यात सगळ्या गावात ताप आला, त्यात गेली थे. अन् शेवटच्या दिवशी तू तिच्या अंगावर चढून तिची नथ ओढून राह्यला होता, अन् थे हासून राह्यली होती. तापात बी हासून राह्यली होती!"

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. आमच्या वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. वयानं कितीही मोठा असला तरी पडतो. मी आजवर हे टाळत आलो होतो, त्यांनी वाकायच्या आत मांडी घालून पाय लपवायचो. त्या दिवशी मला वेळ मिळाला नाही. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, मामांनी माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

मी रडलो. लाज वाटली नाही. इतक्या वर्षांत जीव कधी भांड्यात पडलाच नव्हता, तो आता पडला. मी कोणाला खाल्लं नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसत होती.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मला थोडा रागही आला. "मामा, हे तुमी आधी काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलंच नाई," ते म्हणाले. उपरणं मातीतच पडलं होतं, ते त्यांनी उचललं नाही. "अन् खरं सांगू का, बापू? मीबी एकेकच सांगत गेलो. सगळं एका दिसात सांगून टाकलं असतं, तं मंग तू माह्याकडे कायले आला असता?"

हे ते उघड्यावर बोलले, चांगल्या मोठ्या आवाजात. हा माणूस आठवडाभर माझी वाट बघत असे, आणि मी मात्र त्याला कंजूष समजत होतो.

"मामा," मी म्हटलं, "तुमीबी चाला बाळापूरले."

"मले कोनी बलावलं?"

"मी बलावून राह्यलो ना."

मामा उठले आणि घराच्या मागच्या अंगाला गेले. मी पाठोपाठ गेलो. तिथे त्यांची दमणी उभी होती, छोटी बैलगाडी, दोघातिघांपुरती. आत ताजं तणस अंथरलं होतं, त्यावर चवाळं, कडेला पाण्याची घागर. बैल जुंपलेले होते. ते कधीपासून जुंपलेले होते कोण जाणे, कंटाळून दोघंही जुवाखालीच खाली बसले होते.

मामांनी एकाच्या पाठीवर थाप मारून त्याला उठवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकायीच बलावलं असतं, तं आतापावतर बडनेरा गाठलं असतं."