जिल्हा झाला की

आमच्या गल्लीतले वीरभद्रप्पा पाहुण्याला उदगीर दाखवायला निघाले, की गावात जे नाही तेच दाखवतात. अख्खी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. मोंढ्यातली धान्याची आडत बंद केल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही.

माझे पुण्याचे व्याही आले होते. म्हटलं, "अप्पा, ह्यांना किल्ला दाखवून आणा की." किल्ल्याच्या दरवाजात व्याह्यांनी मोठ्या भक्तीनं विचारलं, "हा कुणाच्या काळातला?"

"काळ सोडा," अप्पा म्हणाले. "हितं कलेक्टर बसणार. भोवती खंदक हाय. मोर्चा आत यायची सोय न्हाई."

चौबाऱ्यावर पोलीस अधीक्षक, कारण तिथून चारी वाटा दिसतात. वाचनालयात शिक्षणाधिकारी, म्हणजे निदान पेपर तरी वाचेल. अन् कोर्ट? कोर्ट दर्ग्यापाशी. "तिथं खोटी शपथ घ्यायची कुणाची छाती हाय, सांगा!"

व्याही साधा माणूस. त्यांनी दर्ग्यातल्या मुजावरांनाच विचारलं, "जज्जसाहेब कधी येतात?" म्हातारे मुजावर हसलेसुद्धा नाहीत. "अप्पा के मेहमान? बैठो, चाय पियो."

हे सगळं उदगीर जिल्हा झाल्यावर व्हायचं आहे. तो कधी होणार हे सरकारलाही ठाऊक नाही, पण अप्पांची तयारी झालेली आहे. गच्ची गळते? "जिल्हा होऊ द्या." दात पडला? "बसवू की. जिल्ह्याला चांगला डाक्टर येईल." लातूरचं नाव काढलं की मात्र भडकतात. "कालपरवापर्यंत तालुकाच होतं ते!" दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा अप्पा आमच्या रांगेत घागर घेऊन गरजले, "बघा! जिल्ह्याला रेल्वे, तालुक्याला टँकर!"

त्याच दुष्काळात अप्पांनी माडीवर इंग्लिश संडास बसवला. नळाला पाण्याचा थेंब नाही, अन् ह्यांच्या एका फ्लशला बादली लागणार! गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला काही राहवेना. गेले वर बघायला.

संडास पांढराशुभ्र, नवा कोरा. शेजारच्या खोलीला रंग दिलेला, खिडकीला पडदे. अप्पांची बायको जाऊन लई वर्षं झाली. घरात हा एकटा जीव.

"अप्पा, ह्यावर बसणार कोण?"

"सूनबाईचे गुडघे धरलेत, अक्का. तिला खाली बसवंना."

त्यांचा मुलगा बसवराज, घरातला बसू, तिकडं नाशकात पाटबंधारे खात्यात आहे.

"बसू म्हणलाय, उदगीर जिल्हा झाला की बदली मागतो."

"कधी म्हणाला?"

"नात पाळण्यात होती तवा."

त्या नातीला आता स्थळं बघायला लागलेत, हे मागच्या महिन्यात त्यांनीच मला सांगितलं होतं. मी ते काढलं नाही. विचारलं, "अन् पाटबंधाऱ्याचं ऑफिस कुठं धरलंय हो?"

चेहरा काय खुलला त्यांचा! पडदा सारून बोट दाखवलं. "ते काय, समोर. दुपारच्याला बसू घरी जेवायला येईल."

समोर माझं घर.

"अहो अप्पा, मग मी कुठं जाऊ?"

"तुम्ही मागल्या अंगाला ऱ्हावा की, अक्का. सरकार भाडं देईल."

मी खिडकीतून बघत राहिले. पुढच्या दोन खोल्या तशाही रिकाम्याच असतात.