तुटक्या पुलावरची उडी

तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी दुरुस्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी ऑरिन ती अजून ओलांडूनच उतरायचा.

"अरे, आता नाही मोडत ती!" वरून मार्लिस ओरडली. "सुतार काय उगाच दोन दिवस राबला?"

बायकोला उत्तर द्यायला ऑरिनला वेळ नव्हता. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या या तळघरात बसून तो अठरा वर्षं एकच ऑनलाइन गेम खेळत आला होता. सोबत विनिपेगची डेल्फीन आणि टल्साचा क्लीटस. दर रविवारी दुपारी तिघं गेममधल्या तुटक्या पुलावर जमत. अकरा वर्षांपूर्वी क्लीटसने खेळणं सोडलं. महिनाभर विनवण्या केल्यावर तो आज दहा मिनिटांसाठी यायला तयार झाला होता, तेही ऑरिनने "सगळं जसंच्या तसं आहे" असं छातीठोक सांगितलं म्हणून.

आणि गुरुवारी कंपनीने सगळं बदललं. जग जास्त खरं वाटावं म्हणून दरीतलं धुकं हटवलं, खेळाडूंच्या डोक्यावर तरंगणारी नावं पुसली, चेहरे नव्याने रंगवले आणि तुटका पूल दुरुस्त केला. 'कृपया पूल पुन्हा तोडावा,' असं ऑरिनने कळवलं. 'नवा पूल आवडल्याबद्दल आभार!' असं उत्तर आलं.

"पुलावर आलोय," हेडफोनमधून क्लीटसचा आवाज आला. "पण हा धडधाकट आहे. आपला कुठला?"

"हाच," ऑरिन पुटपुटला.

"जसंच्या तसं म्हणाला होतास ना?"

"भांडा नंतर," डेल्फीन म्हणाली. "आधी सापडा. मी हात हलवतेय."

"इथे दोनशे जण हात हलवतायत!"

"मी हिरव्या झग्यात आहे."

"सगळेच हिरव्या झग्यात आहेत, बाई. नवा झगा फुकट वाटलाय."

ऑरिन तीन अनोळखी माणसांना कडकडून भेटला. चौथ्याने त्याला ढकलून दिलं.

"जाऊ दे," क्लीटस थकून म्हणाला. "ही आपली जागा नाही. निघतो मी."

ऑरिनने त्याला घाईने अडवलं. "निदान पलीकडच्या खानावळीत तरी ये. दारात भेटू. मग जा."

तिघं आपापल्या जागेवरून गर्दीतून पलीकडे धावले. पुलाच्या मधोमध पूर्वी तीन फळ्या नव्हत्या. तिथे धावत येऊन डावीकडे तिरकी उडी मारावी लागे. आता फळ्या होत्या, पण ऑरिनच्या बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं. बोटांनी आपलं काम केलं. ऑरिन थेट कठड्यावरून नदीत.

धप्प! शेजारी आणखी एक हिरवा झगा पडला. मग तिसरा.

दोनशेपैकी तिघंच नदीत होते.

"डेल्फीन?"

"आणि हा बावळट क्लीटसच असणार!"

"अकरा वर्षं झाली," क्लीटस हसत सुटला होता, "तरी बोट उडीच्या बटणावर गेलंच बघ!"

दहा मिनिटांसाठी आलेला क्लीटस दोन तास नदीतच बसला. पुलावरच्या नव्या पोरांना वाटलं, इथली हीच रीत असावी. तीही एकेक करून उड्या टाकू लागली.

ऑरिनच्या हसण्याचा आवाज ऐकून मार्लिस कॉफीचे दोन पेले घेऊन निघाली. "काय चाललंय एवढं?" म्हणत ती जिना उतरली आणि तिसरी पायरी सराईतपणे ओलांडून खाली आली.